हडसन बोगदा आणि संपीडित हवा

हडसन नदीखालील रेल्वे-बोगद्याचे काम डी विट क्लिंटन हॅस्किन यांनी १८७४ मध्ये सुरू केले. नदीतळाचा गाळ रोखण्यासाठी त्यांची सारी भिस्त कॉम्प्रेसरने बोगद्यात भरलेल्या संपीडित हवेवर होती; ही भिस्त अवाजवीच म्हणावी लागेल. २१ जुलै १८८० रोजी हवा निसटली, पाणी घुसले आणि २० कामगार मृत्युमुखी पडले. दुसरा धोका अदृश्य होता. वाढीव दाबातून झटकन बाहेर येताच शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होत. सांधे असह्य दुखत, प्रसंगी प्राणही जात. काम १८८९ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर अर्नेस्ट मॉयर यांनी तेथे वैद्यकीय दाबकक्ष उभारला. आजारी कामगाराला त्यात पुन्हा दाबाखाली ठेवून तो दाब सावकाश उतरवला जाई. मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. मॉयर वैद्य नव्हते, अभियंता होते. बोगद्यातून रेल्वे धावली ती १९०८ मध्ये.