तळटीप २३ : ‘काळी-पांढरी घरे’

२३. काळी-पांढरी घरे : हा बुद्धिबळाचा उल्लेख नव्हे, फेराइटची चुंबकीय गती संगणकावर सोडवण्याच्या एका रीतीचा आहे. फेराइट हे लोखंडाच्या ऑक्साइडचे चुंबकीय सिरॅमिक. शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) परिघातील सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतही ते भट्टीत भाजून अभ्यासले जाते. त्यातील प्रत्येक चुंबकीय अणूचा ‘स्पिन’ म्हणजे होकायंत्राची सूक्ष्म सुई समजावी. शेजाऱ्यांच्या प्रभावाभोवती ती कलत्या भोवऱ्याच्या आसासारखी फिरते. या गतीचे समीकरण लेव्ह लांदाऊ व लिफ्शित्झ यांनी १९३५ साली मांडले. संगणकावर ते सोडवताना पंचाईत होते, कारण प्रत्येक सुई शेजारणींवर अवलंबून आणि शेजारणी तिच्यावर. सगळ्या एकदम ढोबळपणे हलवल्या, तर सुयांची लांबी बदलते, ऊर्जेचा हिशेब चुकत जातो. म्हणून अणूंच्या जाळीची घरे पटासारखी एकाआड एक रंगवतात. काळ्या घरांतल्या सुया थांबवून पांढऱ्यांतल्या नेमक्या कोनातून फिरवायच्या, मग उलट. घर्षण नसेल, तर लांबी व ऊर्जा दोन्ही अबाधित राहतात. काळाची पावले मोठी टाकता येतात आणि संगणकाचा पुष्कळ वेळ वाचतो. ही रीत क्रेच, बंकर व डेव्हिड लांडाऊ यांनी १९९८ मध्ये मांडली (लेव्ह लांदाऊ वेगळे, वाचकांनी गल्लत करू नये). प्रत्यक्ष फेराइटमध्ये एकाच रंगाच्या घरांतही थोडी ओढ असते. तेथे दोन रंग पुरत नाहीत. लेखक पुढे ‘तिसरा रंग’ म्हणतात तो यासाठी.