हवानाला दिसलेले वादळ : गॅल्व्हेस्टन, १९००

८ सप्टेंबर १९००, शनिवार. टेक्सासच्या किनाऱ्यालगत एका चिंचोळ्या बेटावर वसलेले गॅल्व्हेस्टन हे श्रीमंत बंदर एका रात्रीत उद्ध्वस्त झाले. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे ३७,८०० होती. मृतांचा आकडा ६,००० ते १२,००० यांच्या दरम्यान सांगितला जातो. बहुतेक ठिकाणी ८,००० हा आकडा आढळतो. अमेरिकेच्या इतिहासात याहून अधिक बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती झालेली नाही.

आजचा थ्रेड त्या रात्रीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांविषयी आहे. हे वादळ कोठे निघाले आहे याचा अंदाज एका ठिकाणी बांधला गेला होता. मात्र तेथून हवामानाच्या तारा पाठवण्यास तेव्हा बंदी होती.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिकच्या पट्ट्यात हरिकेन म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळच्या ताइनो लोकांचा. तो स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या निवृत्त जहाज-कप्तानाने १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो योजला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला तो सुचला होता.

या शास्त्राचा पाया हौशी मंडळींनी घातला. कनेक्टिकटमधील विल्यम रेडफील्ड हा खोगीर आणि लगाम बनवणारा कारागीर. १८२१ च्या वादळानंतर प्रवास करताना त्याच्या लक्षात आले की एका भागात झाडे वायव्येकडे, तर दुसऱ्या भागात बरोबर उलट, आग्नेयेकडे आडवी झाली आहेत. वारा सरळ वाहत असता तर असे झाले नसते. तो गरगर फिरत होता. हे निरीक्षण दहा वर्षांनी, १८३१ मध्ये, प्रसिद्ध झाले. पिडिंग्टनने हेच काम बंगालच्या उपसागरात जहाजांच्या नोंदवह्या जमवून केले.

पिडिंग्टनची एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला लेखी इशारा दिला : वादळाबरोबर उसळणारी समुद्राची लाट एक दिवस हे बंदर बुडवील. कोणी लक्ष दिले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या नोव्हेंबरात लाट आली. काही वर्षांत बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता.

आता हवाना. तेथील बेलेन या जेझुइट विद्यालयाच्या वेधशाळेची सूत्रे १८७० मध्ये फादर बेनितो विन्येस या कॅटलान धर्मगुरूकडे आली. त्याने वायुभारमापकाइतकाच भरवसा आभाळावर ठेवला. हरिकेनमध्ये जमिनीलगतचा वारा वळसे घेत केंद्राकडे ओढला जातो. पण फार उंचावर हवा केंद्रापासून बाहेर फेकली जाते आणि पिसांसारखे पांढरे ढग त्या दिशेने पसरतात. स्पॅनिश खलाशी या ढगांना कोंबड्याचे शेपूट म्हणत. ही पिसे क्षितिजावरच्या ज्या बिंदूपासून फाकलेली दिसतात, त्या दिशेला वादळाचे केंद्र असते. वादळ शेकडो मैलांवर असताना, वारा अंगाला लागण्यापूर्वीच, त्याची दिशा अशी कळे. उपग्रहापूर्वीच्या काळात याहून सुंदर युक्ती मला तरी ठाऊक नाही.

११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांत त्याचा इशारा छापून आला आणि एक-दोन दिवसांत हरिकेन क्यूबावर आले. हरिकेनची आगाऊ सूचना म्हणून प्रसिद्ध झालेला हा बहुधा पहिलाच मजकूर. १८७७ मध्ये त्याचा ग्रंथ आला. १८९३ मध्ये तो वारला आणि काही काळाने वेधशाळा फादर लोरेन्झो गांगोइते यांच्याकडे आली. तोवर कॅरिबियन बेटांवरील निरीक्षकांच्या तारा बेलेनला येत आणि तेथून इशारे जात, अशी घडी बसली होती.

१८९८ मध्ये स्पेन आणि अमेरिका यांचे युद्ध झाले. क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आला. त्यापाठोपाठ अमेरिकेच्या हवामान खात्याने वेस्ट इंडीजमध्ये आपली केंद्रे उघडली. खात्याचा प्रमुख विलिस मूर कारभार मुठीत ठेवणारा होता. इशारा देण्याचा अधिकार त्याने वॉशिंग्टनकडे ठेवला होता आणि ‘हरिकेन’ हा शब्द वापरण्याविषयी खाते कमालीचे कंजूष होते, कारण त्याने लोक घाबरतील आणि अंदाज चुकला तर खात्याचे हसे होईल.

हवानातील अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मते बेलेनचे पाद्री उगाच वादळांची भीती घालत. खात्याची माहिती ते चोरून मिळवतात, असा संशयही बोलून दाखवला गेला. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस मूरने युद्धखात्यामार्फत क्यूबातील सरकारी तारयंत्रणेवरून हवामानाचे संदेश पाठवण्यास बंदी घालवली. क्यूबातील वृत्तपत्रांनी निषेध केला. हरिकेनच्या मोसमाचा तो ऐन भर होता.

त्याच सुमारास, २७ ऑगस्टला, विंडवर्ड बेटांच्या पूर्वेस सुमारे हजार मैलांवर एका जहाजाने बिघडलेल्या हवेची नोंद केली. ३० ऑगस्टच्या सुमारास ती प्रणाली अँटिग्वाजवळून गेली. ३ सप्टेंबरला ती क्यूबावर आली, तेव्हा वाऱ्यापेक्षा पाऊसच अधिक होता. सान्तियागोला २४ तासांत १२ इंचांहून अधिक पाऊस पडला. हे हरिकेन होणार की विरून जाणार, हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते.

वॉशिंग्टनने पाठ्यपुस्तकातला मार्ग धरला. अशी वादळे फ्लोरिडाजवळ उत्तरेकडे, मग ईशान्येकडे वळतात आणि अटलांटिकच्या किनाऱ्याने निघून जातात. म्हणून सावधगिरीच्या सूचना फ्लोरिडाला आणि पूर्व किनाऱ्याला गेल्या. प्रत्यक्षात पूर्वेकडे उच्च दाबाचा पट्टा आडवा होता आणि वळण्यास वाटच नव्हती.

गांगोइते यांनी ५ सप्टेंबरच्या रात्री चंद्राभोवती मोठे, न विरणारे खळे पाहिले. पहाटे आभाळ गडद लाल झाले. पिसांसारखे ढग पश्चिम आणि वायव्य यांच्या दरम्यानच्या भागातून फाकत होते. विन्येसच्या नियमाने याचा अर्थ स्पष्ट होता : वादळ वळलेले नाही, ते मेक्सिकोच्या आखातात शिरले आहे आणि क्यूबा ओलांडताना होते त्याहून आता बरेच बळावले आहे. त्या दिशेला, आखाताच्या पलीकडे, टेक्सास होते.

आखाताच्या आत काय चालले आहे हे जहाजांनाच कळत होते. ५ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सहून निघालेली ‘लुइझियाना’ ही आगबोट दुसऱ्या दिवशी थेट वादळात सापडली आणि तिचा वायुभारमापक २८.७५ इंचांपर्यंत उतरला. पण तेव्हा जहाजांवर बिनतारी यंत्रे नव्हती. आगबोट वाचली, तिची बातमी मात्र वेळेवर पोचणे शक्यच नव्हते.

७ सप्टेंबरला, शुक्रवारी, गॅल्व्हेस्टनमध्ये वादळाचा बावटा चढला. आपल्या कोकणच्या बंदरांवर चढतात तसेच हे बावटे. त्यांचे प्रकार ठरलेले असत. चढला तो साध्या वादळाचा, हरिकेनचा नव्हे.

तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन हा निष्णात, मेहनती माणूस. पण त्यानेच १८९१ मध्ये स्थानिक वृत्तपत्रात लिहिले होते की हरिकेनमुळे गॅल्व्हेस्टनचे मोठे नुकसान होईल ही समजूत निव्वळ भ्रम आहे. टेक्सासचा हा भाग वादळांच्या वाटेवर नाही, समुद्रतळ उथळ असल्याने लाटा दुबळ्या होतील आणि पाणी चढलेच तर मुख्य भूमीच्या सखल भागात पसरून जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांनी पुसून टाकले होते. ते त्याने अपवादात ढकलले. उथळ समुद्राविषयीचे त्याचे म्हणणे तर बरोबर उलटे होते. वादळी उधाण उथळ किनाऱ्यावरच अधिक उंच चढते.

शनिवारी सकाळी वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा होता. तरीही समुद्र चढत होता. आखातात काहीतरी प्रचंड येत असल्याची याहून ठळक खूण नाही, आणि क्लाइनने ती ओळखून वॉशिंग्टनला कळवलीही. मुले मात्र रस्त्यांवर शिरलेल्या पाण्यात खेळत होती. दुपारपर्यंत मुख्य भूमीकडे नेणारे पूल निकामी झाले. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ताशी १०० मैलांची झुळूक नोंदवून वेगमापक उडून गेला. शहरातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ९ फुटांहूनही कमी, आणि पाणी चढले १५ फुटांहून अधिक. सुमारे ३,६०० घरे गेली. सेंट मेरीज अनाथाश्रमातील १० जोगिणी आणि ९० मुले बुडाली; तीन मुले तेवढी वाचली. क्लाइनची गरोदर पत्नीही त्या रात्री गेली.

बंदी नसती तर हे लोक वाचले असते काय? तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. गांगोइते यांची तार वॉशिंग्टनला मिळाली असती तरी मूरने ती मानली असती, असे त्याच्या वर्तनावरून वाटत नाही. पण ६ तारखेच्या पहाटे हवानात जे दिसले ते गॅल्व्हेस्टनपर्यंत पोचते, तर दोन दिवस हाती होते आणि पूल शाबूत होते. त्या दोन दिवसांचा हिशेब मूरकडून कोणी मागितला नाही. उलट खात्याने इशारे वेळेवर दिले होते, असेच तो पुढे सांगत राहिला. तारांवरील बंदी लवकरच उठली. मूर १९१३ पर्यंत पदावर राहिला आणि हटवला गेला तो अगदी वेगळ्या, राजकीय कारणावरून.

गॅल्व्हेस्टनने १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत समुद्रापुढे बांधली आणि वाळू भरून शहराची जमीनच उचलली. १९१५ मध्ये तशाच ताकदीचे हरिकेन आले तेव्हा शहर टिकले. समुद्रातल्या जहाजावरून हरिकेनची पहिली बिनतारी वर्दी आली ती २६ ऑगस्ट १९०९ रोजी, ‘कार्टागो’ या जहाजाकडून, युकातानच्या किनाऱ्याजवळून.

क्लाइनची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. तेथे त्याने वादळापुढे चढणाऱ्या पाण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९२६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या वादळात, कोणत्या किनाऱ्यावर, केंद्राच्या कोणत्या बाजूला पाणी किती चढले, याच्या नोंदी त्यात आहेत. पिडिंग्टनने डलहौसीला याच पाण्याविषयी लिहिले होते, ७३ वर्षांपूर्वी.