पिवळे हात

१९१५ साली फ्रान्सच्या रणभूमीवर इंग्रजांच्या तोफांना गोळे पुरेनासे झाले, त्यावरून विलायतेत सरकार डळमळले आणि दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन ते लॉइड जॉर्ज यांच्या हाती आले. पुरुष खंदकांत गेलेले असल्यामुळे गोळे भरण्याचे काम ज्या बायकांच्या वाट्यास आले, त्यांच्या पोशाखाची हकीकत मला त्या युद्धाच्या तहनाम्यांहून अधिक बोलकी वाटते.

लीड्स शहराजवळील बार्नबो येथे पाळीवर आलेल्या मुलीस अंगावरचे कपडे उतरवून सैल डगला, केस झाकणारी टोपी आणि रबरी तळव्यांचे जोडे चढवावे लागत. आगपेटी तर वर्ज्य होतीच, पण केसांतला साधा आकडाही आत नेण्याची मुभा नव्हती, कारण धातूवर धातू घासून उडालेली एक ठिणगी सगळ्या खोलीचा ग्रास घेण्यास पुरेशी होती. कित्येक ठिकाणी विवाहाची अंगठी तेवढी बोटात राहू देत, तीही दोरा गुंडाळून! हा बंदोबस्त चोख होता खरा. परंतु बारकाईने पाहता तो बाईपासून दारूला जपणारा होता, आणि दारूपासून बाईला जपण्याची तजवीज त्या मानाने फारच तोकडी होती.

टी.एन.टी. नामक स्फोटकाची भुकटी नाकातोंडावाटे जाई, तशीच कातडीतूनही अंगात मुरे. तिने हात व चेहरा पिवळा पडे, टोपीबाहेर राहिलेली बट तांबूस होई, आणि लोक या मुलींना ‘कॅनरी’ पक्षी म्हणत. आपल्याकडे पिवळ्या हातांची मुलगी पाहिली म्हणजे मांडव आठवतो. तिथे त्याच रंगामागून कावीळ येई आणि ती कित्येकींच्या प्राणावर बेते. उतारा म्हणून बार्नबोत दूध पाजीत, ज्यासाठी कारखान्याने स्वतःच्या गाई पाळल्या होत्या.

५ डिसेंबर १९१६ च्या रात्री, दहा वाजून गेल्यावर, तेथील बेचाळीस नंबरच्या खोलीत स्फोट होऊन ३५ स्त्रिया ठार झाल्या. कित्येकींची ओळख गळ्यातील बिल्ल्यावरूनच पटली. युद्धकालीन नियंत्रणामुळे वर्तमानपत्रांत वाच्यता झाली नाही, मृत्यूच्या जाहिरातींत ‘अपघाती निधन’ एवढाच मजकूर आला. प्रेते हलविल्यावर काही तासांतच त्या खोलीत काम पुन्हा सुरू झाले, आणि त्याकरिता मुली आपण होऊन पुढे आल्या.