लाइडनच्या दोन खोल्यांतून सदऱ्याच्या खिशात

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दिसू लागली आहे. काडेपेटीपेक्षा थोडी लांब, बरीच चपटी, वर धातूचे दोन चौकोन. मुलगा-सून पुण्याला, बंगळूरला, नाहीतर थेट अमेरिकेत. सुट्टीत येताना आईबाबांसाठी बदाम-पिस्ते आणायचे ते आता ही पट्टी आणतात. दोन्ही हातांची बोटे त्या चौकोनांवर ठेवून तीस सेकंद स्वस्थ बसायचे, शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर हृदयाचा आलेख उमटतो. तो लगेच व्हॉट्सॲपवर मुलाकडे जातो. मुलगा तिकडून अंगठा दाखवतो आणि इकडे चहाचे आधण चढते.

आम्ही डॉक्टर नव्हे. राज्य शासनाच्या नोकरीत विजेच्या कामावर दिवस काढणारा, डिप्लोमापर्यंत शिकलेला माणूस. पण या पट्टीचा वंशवृक्ष शोधत मागे गेलो, तेव्हा मूळपुरुष ओळखीचाच निघाला. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ज्याची सुई स्थिर होईपर्यंत आम्ही श्वास रोखून धरायचो, तो गॅल्व्हॅनोमीटर. म्हणून हा इतिहास सांगण्याचे धाडस करतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक बारीक लाट असते. ती शरीरभर पसरते आणि कातडीपर्यंत पोहोचते, पण पोहोचताना तिचा दाब उरतो जेमतेम एक मिलिव्होल्ट. आपल्या टॉर्चमधल्या एका सेलचा दाब याच्या दीड हजार पट असतो. एवढी क्षीण वीज, तीही छाती न उघडता मोजायची, हे कोडे पहिल्यांदा सोडवले लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी, 1887 मध्ये. त्यांच्याजवळ होता लिपमन यांचा केशनलिकेचा विद्युत्‌मापक. काचेच्या केसासारख्या नळीत पारा, वीज आली की पारा किंचित हलायचा आणि त्या हालचालीचे छायाचित्र घ्यायचे. पारा सुस्त. ठोका होऊन जायचा, पारा मागून यायचा.

या वॉलरसाहेबांचा जिमी नावाचा एक बुलडॉग होता आणि तो या शास्त्राचा पहिला नामांकित रुग्ण म्हणायला हरकत नाही. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून वॉलर जाहीर प्रात्यक्षिके करीत. 1909 मध्ये रॉयल सोसायटीत असे प्रात्यक्षिक झाले आणि कुत्र्याचा छळ झाला म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. कुत्र्याचे पाय क्षारांच्या द्रावणात ठेवले होते, असा आरोप होता. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी खुलासा केला की हे द्रावण म्हणजे साधे मीठ-पाणी, कोणी समुद्रात पाय बुडवून उभे राहिले तर जे होईल तेच. विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात ज्यांच्या रात्री गेल्या आहेत, त्या आमच्यासारख्यांना हा खुलासा फार आवडला. थोडक्यात आणि नेमका!

गंमत म्हणजे खुद्द वॉलरना या आलेखाचा रुग्णालयात फार उपयोग होईल असे वाटत नव्हते. तो होईल असे वाटले विलेम आइन्थोव्हेन यांना. हे डच गृहस्थ, जन्म 1860, जावा बेटावरच्या सेमारांग गावी. वडील तिथे लष्करात डॉक्टर. वडील लवकर गेले आणि आई सहा मुलांना घेऊन हॉलंडला परतली. पुढे आइन्थोव्हेन लाइडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1889 मध्ये बाझेलच्या परिषदेत त्यांनी वॉलरचे प्रात्यक्षिक पाहिले आणि पाऱ्याच्या सुस्तपणावर उपाय शोधण्यात पुढची दहा-बारा वर्षे घालवली. प्रथम त्यांनी गणिताने पाऱ्याची चूक दुरुस्त केली आणि 1895 मध्ये मिळालेल्या शुद्ध आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. आजही मोबाइलच्या पडद्यावर त्याच नावांच्या लाटा धावतात.

मग त्यांनी पारा सोडूनच दिला. एक क्वार्ट्झचा तंतू घेतला, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यावर चांदीचा मुलामा दिला आणि तो एका बलाढ्य विद्युत्‌चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवला. हृदयाची वीज तंतूतून गेली की तंतू थरथरायचा. त्याची सावली भिंगांतून मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर पाडायची. असा तंतू तयार कसा करायचा? क्वार्ट्झ वितळवायचा, तो बाणाच्या शेपटाला लावायचा आणि धनुष्य ओढून बाण सोडायचा. बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मागे तंतू ओढला जातो. ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॉइज यांची. शतकाच्या उंबरठ्यावरच्या प्रयोगशाळेत धनुष्यबाण असावा, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

यंत्राचे वजन सुमारे 270 किलो. दोन खोल्या व्यापायचे, चालवायला पाच माणसे लागत, चुंबक तापू नये म्हणून सतत पाणी खेळवावे लागे. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. त्या वेळचे फोटो पाहिले तर कोणी भांडी विसळायला बसले आहे असा भास होतो.

आता प्रश्न असा पडला की यंत्र हलत नाही आणि रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटर लांब. आइन्थोव्हेन यांनी टेलिफोनच्या तारा वापरल्या. रुग्ण रुग्णालयात, हात पाण्यात. त्याच्या हृदयाची वीज तारेवरून गाव ओलांडून प्रयोगशाळेत. तिथे तंतू थरथरतो आहे. 1906 मध्ये त्यांनी या 'टेलिकार्डिओग्राम'वर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आजीच्या ठोक्यांचा आलेख इंदूरहून न्यूजर्सीला जातो यातले नवे काय, तर फक्त अंतर. हृदयाला तारेवर चढवून सव्वाशे वर्षे होत आली.

लाइडनचे यंत्र बाजारात आणले केंब्रिजच्या एका उपकरण कंपनीने, जी उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस डार्विन यांनी उभी केली होती. 1908 मध्ये पहिले यंत्र एडिनबरोला गेले. आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या थॉमस लुईस यांनी असे काम केले, ज्यावर आपली खिशातली पट्टी मुख्यतः उभी आहे. काही रुग्णांची नाडी पूर्णपणे बेताल असते, तिला ना ठेका ना सम, हे वैद्य-डॉक्टरांना फार पूर्वीपासून बोटांना जाणवत होते. लुईस यांनी आलेखावरून दाखवले की अशा वेळी हृदयाचे वरचे कप्पे धडपणे आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात. याला आज एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. आणि अवघड हे की अनेकांना यात काहीही दुखत नाही, खुपत नाही.

आइन्थोव्हेन यांना 1924 मध्ये नोबेल मिळाले. असे सांगतात की ज्या सहायकाने हे यंत्र घडवायला हात लावला होता तो तोवर वारला होता. तेव्हा त्याच्या गरीब बहिणींचा शोध काढून त्यांनी त्यांना बक्षिसाच्या रकमेतला वाटा दिला. नोकरशाहीत आम्ही श्रेय वर सरकताना बरेच पाहिले आहे, खाली उतरताना क्वचित.

नंतरची कथा वजन उतरण्याची, ती भरभर सांगतो. निर्वात नळ्यांचे ॲम्प्लिफायर आले आणि 1928 मध्ये अमेरिकेत मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, सुमारे तेवीस किलोचे 'हलके' यंत्र निघाले. 1949 च्या सुमारास मॉन्टानातल्या नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा आलेख रेडिओने पाठवून दाखवला, पण पाठीवर पस्तीस-अडतीस किलोचे ओझे होते. ट्रान्झिस्टरने ते खिशात आणले; आपल्याकडे डॉक्टर चोवीस तासांसाठी जे 'होल्टर' लावतात ते याच गृहस्थाच्या नावाचे. मोबाइलची जोड आली ती ओक्लाहोमाचे डॉ. डेव्हिड आल्बर्ट यांच्या अलाइव्हकोर कंपनीमुळे. त्यांचे उपकरण प्रथम मोबाइलच्या कव्हरच्या रूपात होते. अमेरिकेत ते आधी जनावरांच्या डॉक्टरांना मिळाले, आणि माणसांसाठी मंजुरी आली 2012 च्या डिसेंबरात. जिमीला पुन्हा पहिला मान! उपकरण मोबाइलशी बोलायचे तेही आवाजाने. हृदयाचा आलेख आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या उंच स्वरात बदलायचा आणि मोबाइलच्या मायक्रोफोनने तो ऐकायचा. इथे विजेचा माणूस म्हणून आम्ही मनोमन नमस्कार केला. आपल्या देशातही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाइलद्वारे अहवाल पाठवणारे ईसीजी यंत्र विकसित केले आहे, तेही पुऱ्या बारा लीडचे.

बारा लीड म्हणजे काय, हे मात्र सावकाश सांगायला हवे, कारण खिशात येता येता काय गळले ते इथे कळते. आइन्थोव्हेन यांनी दोन हात आणि डावा पाय या तीन ठिकाणांहून हृदयाकडे तीन दिशांनी पाहिले. 1930 च्या नंतर छातीवरच्या सहा जागा ठरल्या, पुढे हातापायांच्या आणखी तीन दिशा जमेस धरल्या गेल्या आणि बारा झाल्या. हृदय हा जुना वाडा समजा, त्याला बारा खिडक्या. आपली दोन बोटांची पट्टी त्यातली पहिली एकच खिडकी उघडते, उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे पाहणारी. वाड्यात तबल्याचा ठेका चुकत असेल तर तो कुठल्याही खिडकीशी ऐकू येतो. म्हणून बेताल नाडी पकडायला एक खिडकी पुष्कळदा पुरते. वेल्समध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पासष्टीपुढच्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या 1001 जणांपैकी निम्म्यांना असे उपकरण दिले होते. आठवड्यातून दोनदा, वर्षभर आलेख. त्या गटात एट्रियल फिब्रिलेशनचे 19 जण सापडले, नेहमीच्या तपासणीच्या गटात 5. हे चौदा जण एरवी अंधारातच राहिले असते.

पण हृदयविकाराचा झटका ही ठेक्याची गोष्ट नव्हे. त्यात वाड्याची एखादी भिंत रक्ताविना मरू लागलेली असते, आणि ती दिसते त्या भिंतीसमोरच्या खिडकीतूनच. परसदाराची भिंत कोसळत असताना दिंडीकडच्या खिडकीतून सगळे आलबेल दिसू शकते. म्हणूनच हे उपकरण झटका ओळखत नाही, असे उत्पादक स्वतःच लिहून देतात. बारीक अक्षरात, इंग्रजीत. आजीच्या हाती पडते ते पडद्यावरचे हिरवे 'नॉर्मल'.

कार्यालयात आम्ही ठरावीक मुद्द्यांवर माहिती मागवतो आणि खालून उत्तर येते 'निरंक'. निरंक म्हणजे त्या मुद्द्यापुरते काही नाही. कार्यालयात सर्व क्षेमकुशल आहे असा त्याचा अर्थ कोणी अधिकारी काढत नाही. पट्टीचे 'नॉर्मल' हे तसले निरंक आहे. तीस सेकंदांपुरते, ठेक्यापुरते. आपल्या ओळखीच्या घरांत, जिथे दोनच ज्येष्ठ मागे उरले आहेत, तिथे रात्री दोनला छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, की पहिला हात या पट्टीकडे जातो असे आम्ही पाहतो. पट्टी नॉर्मल म्हणाली की परदेशातल्या मुलाला फोन, मुलगा म्हणतो सकाळी बघू. बंद झालेली रक्तवाहिनी सकाळची वाट पाहत नाही. अशा वेळी पट्टी खणात राहू द्यावी आणि 108 ला फोन करावा. बारा लीडचा ईसीजी आणि रक्ताची तपासणी रुग्णालयातच होते. मधुमेहींना आणि बायकांना तर पुष्कळदा दुखण्याऐवजी नुसता दम लागतो किंवा मळमळते, आणि आपल्याकडे ते पित्तावर ढकलले जाते.

उलटही घडते. एका आलेखाने समाधान न झालेले काही सद्गृहस्थ दिवसातून वीस वेळा बोटे ठेवतात. आलेख 'अनिश्चित' आला, बोटे कोरडी होती किंवा हात हलला एवढ्यानेही तो तसा येतो, की दिवसभर जेवण गोड लागत नाही. कोरोनाच्या लाटेत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे असेच झाले होते. तो जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या 1974 च्या शोधातून आलेला. त्याने अनेकांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले आणि काहींची झोपही उडवली. आओयागी स्वतः 2020 च्या एप्रिलमध्ये, साथ जगभर पसरत असताना वारले.

2019 मध्ये अलाइव्हकोरने पट्टीच्या मागच्या बाजूलाही धातूचा चौकोन बसवला. बोटे वर, आणि मागची बाजू डाव्या गुडघ्याला किंवा घोट्याला टेकवायची. दोन हात आणि डावा पाय. लाइडनच्या त्या तीन भांड्यांतलेच तीन अवयव. एकाऐवजी सहा खिडक्या उघडल्या, छातीच्या सहा अजून बंदच.

उत्सवातल्या आरोग्य शिबिरात डॉक्टर मंडळी बसणारच आहेत. ज्यांच्या मोबाइलमध्ये वर्षभराच्या पट्ट्या साठल्या आहेत, त्यांनी मोबाइल चार्ज करून, शक्य तर त्यातल्या संशयास्पद पट्ट्या कागदावर छापून सोबत आणाव्यात. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि तेव्हा काय होत होते ते पेनने लिहावे. जिना चढून आलो होतो, जेवण झाले होते, नातवाशी भांडण झाले होते, जे असेल ते. पट्टीला यातले काही कळत नाही आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.