नागाचे औषध घोणसाला का चालले नाही? प्रतिविषाचा इतिहास

१/ सर्पदंशावरील एकमेव खात्रीचे औषध म्हणजे प्रतिविष. बोलीभाषेत त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. वस्तुतः ती लस नव्हे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण होतात, ती शुद्ध करून रुग्णाला दिली जातात.

२/ या औषधापूर्वीचे चित्र निराशाजनक होते. जोसेफ फेरर या ब्रिटिश वैद्यकाने भारतातील विषारी सापांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८७२ मध्ये ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रचलित उतारे त्याने तपासून पाहिले. एकही खरा ठरला नाही.

३/ कलाटणी मिळाली ती १८९४ मध्ये. सायगाव येथे नागाच्या विषाचा अभ्यास करून परतलेला आल्बेर काल्मेट, तसेच फिसालिक्स व बर्त्रां ही जोडी, यांनी त्या वर्षी फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे एकच गोष्ट सिद्ध केली : विषाची सवय केलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला विषापासून वाचवू शकते.

४/ काल्मेटने मात्र याच्याही पुढचा दावा केला. नागाच्या विषापासून बनवलेले आपले रक्तद्रव सर्वच सापांच्या विषावर चालते, असे त्याचे मत होते. लिल येथील हे रक्तद्रव भारतातही येऊ लागले. दावा मोहक होता : साप कोणताही असो, औषध एकच.

५/ या दाव्याची कसोटी ज्या ठिकाणी लागली, त्यांपैकी एक होते मुंबईतील परळ. तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. तीच पुढे १९२५ मध्ये ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब या वैद्यकीय अधिकाऱ्याने सर्पविषावर तेथे काम केले.

६/ लॅम्बचा निष्कर्ष स्पष्ट होता. नागासाठी बनवलेले रक्तद्रव घोणसाच्या विषापुढे निरुपयोगी ठरते. याचे कारण विषांच्या स्वभावात आहे. नागाचे विष मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांचा संबंध तोडते, तर घोणसाचे विष रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडवते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार कशी?

७/ ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील हेही याच निष्कर्षाला पोहोचले. जसे विष तसे प्रतिविष, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले. कसौली येथे नाग व घोणस या दोहोंवर चालणारे रक्तद्रव बनू लागले. पुढे हाफकिनमध्ये नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी एकत्रित प्रतिविष तयार झाले. आज भारतभर वापरले जाते ते याच प्रकारचे.

८/ परंतु तोच प्रश्न आता वेगळ्या रूपात परतला आहे. भारतीय प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुळ सर्पमित्रांच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. अलीकडील संशोधन सांगते की, एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार बदलते. पूर्व व ईशान्य भारतात फण्यावर एकच वर्तुळ असलेला नाग आढळतो. तो या चौघांत नाही.

९/ प्रतिविषाची आणखी एक मर्यादा आहे. ते रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. झालेली इजा भरून काढत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची वेदनाही फारशी होत नाही. मज्जातंतूंची टोके एकदा निकामी झाली की श्वास चालू ठेवण्यासाठी कृत्रिम श्वसनयंत्र लागते. म्हणून वेळ गमावणे घातक.

१०/ २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत अग्रक्रम दिला तो २०१७ मध्ये.

११/ परळच्या प्रयोगशाळेने शंभर वर्षांपूर्वी दिलेला धडा साधा होता : औषध प्रयोगशाळेत सिद्ध झाले एवढ्याने भागत नाही, ज्या सापाने दंश केला त्याच्या विषावर ते सिद्ध व्हावे लागते. तो धडा प्रत्येक प्रदेशात नव्याने गिरवणे अजून बाकी आहे.

(समाप्त)