उष्णतेच्या लाटा आणि मालवण किनाऱ्यावरील मृत्युनोंद

उष्णतेच्या लाटेने होणाऱ्या प्राणहानीचा विषय निघाला म्हणजे विदर्भाचे नाव प्रथम पुढे येते. मालवणच्या किनाऱ्याचे येत नाही. या भेदाचे एक कारण हवामानात आहे, दुसरे मृत्युनोंदीच्या पद्धतीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकास दुसरे अधिक महत्त्वाचे होय.

भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश सेल्सिअस, तर किनाऱ्यावर ३७ अंश ही मर्यादा मानली आहे. तापमान सरासरीहून निदान ४.५ अंशांनी अधिक असावे, अशीही अट आहे. किनाऱ्यावरील मर्यादा खालची असणे सयुक्तिक आहे. शरीराची उष्णता मुख्यतः घाम वाळल्याने उतरते आणि दमट हवेत घाम नीट वाळत नाही. याखेरीज मार्च महिन्यात पूर्वेकडील कोरडे वारे प्रबळ झाले, तर खारा वारा उशिरा सुटतो व पारा एकाएकी चढतो. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी तापमान ४१.७ अंशांवर गेले होते.

तथापि उष्म्याने मरणारा प्रत्येक मनुष्य उष्माघाताचा रोगी म्हणून नोंदला जात नाही. वृद्ध, हृद्रोगी व मूत्रपिंडाचे रोगी यांचा मृत्यू मूळ व्याधीच्या नावे लिहिला जातो. म्हणून एरवीच्या मृत्युसंख्येहून झालेली वाढ मोजण्याची पद्धत रूढ झाली. अहमदाबादेत मे २०१० मध्ये अशी वाढ १,३४४ मृत्यूंची होती, असे अभ्यासाअंती आढळले. त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णताविरोधी कृतियोजना अमलात आली.

कोकणपट्टीतील ठळक उदाहरण खारघरचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील उघड्या मैदानावरील महाराष्ट्रभूषण पुरस्कार समारंभानंतर १४ जण मृत्यू पावले. हे मृत्यू एका प्रसंगी व सर्वांदेखत घडले, म्हणून त्यांची गणना झाली. मालवणात भर दुपारी रापण ओढून घरी परतलेला वृद्ध रात्री दगावला, तर त्याची गणना कोणत्या रकान्यात होईल? देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झाले होते.

जुन्या साधनांची अडचण निराळी आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या जिल्हावार आकड्यांत मालवण रत्नागिरीत मिसळलेले आहे. शिवाय चार दिवसांची लाट मासिक बेरजेत बुडून जाते. तरुण मुंबईस व वृद्ध गावी, ही कोकणाची जुनी रीत लक्षात घेतल्यास ही उणीव अधिकच गंभीर ठरते.

तेव्हा गावोगावच्या मृत्युनोंदवह्यांतील दैनंदिन तारखा वेंगुर्ला वेधशाळेच्या तापमान व आर्द्रतेच्या नोंदींशी ताडून पाहणे, हाच येथील संशोधनाचा मार्ग होय. तोवर किनाऱ्यावर उष्म्याचे बळी नाहीत, असा निष्कर्ष काढणे म्हणजे नोंदीच्या अभावास घटनेचा अभाव समजणे होय.