मल्टीमीटरचा आकडा नेमका कोणाचा?

भोरजवळचं भाटघर धरण 1920च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालं. आजच्या गोष्टीतलं यंत्र त्याहून काही वर्षांनी मोठं आहे: मल्टीमीटर.

ब्रिटिश पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकेडी नावाचे इंजिनिअर होते. टेलिफोन लाइनींसाठी करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायची वेगवेगळी यंत्रं घेऊन फिरायचा त्यांना वैताग आला. त्यांनी तिन्ही एका डब्यात बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं ‘एव्हो’. 1923 मध्ये ते बाजारात आलं.

आता गंमत ऐका. काटा हलायला करंट लागतो, आणि मीटर तो तपासायच्या सर्किटमधूनच घेतो. समजा, 9 व्होल्टची बॅटरी आणि एकामागे एक जोडलेले 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर. एकावर 4.5 व्होल्ट हवेत. पण 20,000 ओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर 10 व्होल्टच्या रेंजवर दाखवतो 3.6! रेझिस्टर खराब नाही; मीटरनेच ओढ लावली. जुने रेडिओ मेकॅनिक हे गृहीत धरूनच आकडा वाचायचे.

1977 मध्ये फ्लूकचा हातात मावणारा डिजिटल मीटर, 8020ए, आला. इनपुट रेझिस्टन्स 10 मेगाओहम. त्याच सर्किटवर असा मीटर 4.48 दाखवेल. प्रश्न मिटला? नाही, उलटला.

भोर-वेल्ह्यातल्या कुठल्याही घरात बघा. बटण बंद, तरी दिव्याच्या वायरवर 60-70 व्होल्ट दिसू शकतात. शेजारून चालू वायर गेलेली असते, तिचा हा परिणाम. काही एलईडी बल्ब बंद असूनही मिणमिणतात, ते बऱ्याचदा यामुळेच. काट्याचा मीटर हे ‘भुताचं व्होल्टेज’ ओढून पाडायचा. डिजिटल जसंच्या तसं दाखवतो. म्हणून काही मीटरमध्ये मुद्दाम ‘लो-झेड’ सेटिंग देतात. त्यावर आकडा कोसळला, तर बहुधा भूत.

पण ‘बहुधा’ लक्षात ठेवा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून खरंच करंट उतरतो, आणि तो जीव घेतो. आणि शून्य दिसलं म्हणजे लाइन बंदच, असंही नाही. मीटरची वायर आतून तुटलेली असू शकते.

म्हणून मेन स्विच बंद करायच्या आधी मीटर चालू सॉकेटवर तपासा. मग मेन बंद करून काम करायची वायर तपासा. शेवटी दुसऱ्या चालू लाइनवर मीटर परत तपासा. तिन्ही वेळा बरोबर आलं, तरच मधल्या शून्यावर विश्वास ठेवा. नाहीतर सरळ वायरमनला बोलवा.

भेटू पुढच्या भागात!